स्टार्टर तिनं मारला

जालन्यात बायपासच्या गॅरेज लाइनीत पुंजाराम मिस्त्रीचं नाव कुणालाही इचारा. लोक सांगतील, भला माणूस, हात चांगला, शब्दाचा पक्का. मोठ्या गाड्यांची इंजिनं बांधतो. मी त्याची मोठी बहीण, कांताबाई. त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात माझी चहाची टपरी हाय. मी आता सांगते ते लाइनीत कुणी सांगायचं न्हाई, कारण सगळ्यांना त्याच्याशी रोजचं काम पडतं. मी त्याच्या घरात राहते, त्याच्या ताटातलं खाते, आन् तरी सांगते. माझं तोंड असंच हाय. नवऱ्याच्या घरी टिकले न्हाई ते बी ह्या तोंडापायीच, आन् मला त्याचा बिलकुल पस्तावा न्हाई.

सांगायचं हाय ते अक्षताचं. पुंजारामची एकुलती एक पोरगी. तिची आई बेबीनंदा काविळीनं गेली तेव्हा ही नीट चालत बी नव्हती. मंग मीच वाढवली. टपरीवर येताना कडेवर घेऊन यायचे, जुन्या टायरात गोधडी टाकून बसवायचे. दुसऱ्यांच्या पोरी भातुकली खेळायच्या, ही मोडके व्हॉल्व्ह रांगेत लावून त्यांची शाळा भरवायची. एक व्हॉल्व्ह वाकडा होता, त्याला रोज छड्या बसायच्या. गॅरेजातले लोक हसून हसून बेजार व्हायचे. पुंजाराम बी हसायचा तेव्हा.

मोठी झाली, डोकं चांगलं निघालं, आन् तिनं ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला नंबर लावला. वर्गात पोरी दोन-चारच. पुंजारामनं नको म्हणलं न्हाई. उलट आल्यागेल्याला सांगायचा, "माझी पोरगी इंजिनियर व्हायलीय." सांगताना अशी मान ताठ व्हायची त्याची! पण हीच पोरगी कॉलेजातून येऊन पाना उचलायला लागली की त्याच्या कपाळाला आठी. म्हणायचा, "कागदावरचं इंजिन तुझं, लोखंडाचं माझं." लोकांना सांगायला इंजिनियर पाहिजे, गॅरेजात मात्र नको. हे कुठलं शहाणपण, मला आजवर कळलं न्हाई.

तरी पोरगी हटली न्हाई. डिप्लोमा झाल्यावर रोज गॅरेजात यायला लागली. आधी नुसते पार्ट धुवायची. मंग फिल्टर, मंग ऑइल, असं करत करत व्हॉल्व्ह घासून बसवायला लागली. व्हॉल्व्ह बसवल्यावर उलट्या हेडमधी, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, डिझेल ओतायची आन् थेंब गळतो का ते बघत बसायची. गळला की परत काढून घासायची. पुंजाराम वैतागायचा, "अगं, चालतं तेवढं!" ती म्हणायची, "पप्पा, चालत न्हाई." ड्रायव्हर लोक मात्र मला हळूच सांगायचे, मावशी, आमच्या हेडला तुमच्या पोरीचा हात लागू द्या.

आता पुंजारामचं नाव कशानं झालं ते सांगते, न्हाई तर पुढचं उमगायचं न्हाई. आमचा बाप परतूरच्या मोंढ्यात हमाल होता. तहान लागली तर त्याला पाणी वरून ओंजळीत ओतायचे, हे आम्ही दोघा भावंडांनी डोळ्यांनी बघितलंय. पुंजारामनं तेव्हाच ठरवलं की पोतं उचलायचं न्हाई. जालन्याला आला, एका उस्तादाच्या हाताखाली इंजिन शिकला. स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा घनसावंगीच्या रोडवर जीपा चालायच्या, जुन्या, साध्या डिझेलच्या. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा ढकलायचा पंखा, नव्हता त्यांना. इंजिनात कॅम म्हणून एक दांडा असतो, त्याला उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवट्यानं व्हॉल्व्ह उघडतात आन् झाकतात. आन् वर असतं हेड, त्यात हवा आत यायचे आन् धूर बाहेर जायचे रस्ते. चहा करता करता हे सगळं मला पाठ झालंय. तर पुंजाराम काय करायचा, हेडमधले रस्ते ग्राइंडरनं मोठे करायचा आन् कॅमचे उंचवटे संभाजीनगरच्या एका लेथवाल्याकडून वेगळे घासून आणायचा. मंग ती जीप अशी पळायची, काय सांगू! माणसं टपावर, माणसं मागं लटकलेली, तरी चढाला दम तुटायचा न्हाई. 'पुंजारामचा कॅम' असं नावच पडलं. जीपवाले घनसावंगीहून येऊन नंबर लावायचे. त्यात काही खोटं नव्हतं. मी बी तेव्हा लई मिरवलेय.

पण जीपा गेल्या आन् टर्बोचे ट्रक आले. पुंजाराम तेही बांधायला शिकला, चांगले बांधायचा. फक्त कॅमची गोष्ट त्याच्या मनातून जाईना. कुणी जुना गिऱ्हाईक आला की तेच, तुझ्या जीपला मी कॅम टाकला होता, आठवतं का?

आणखी एक सांगायचं राह्यलं. आमच्या लाइनीत रीत हाय. इंजिन ज्यानं बांधलं, पहिला स्टार्टर त्यानंच मारायचा. मालक कितीबी मोठा असो, पुढारी असो, त्यानं तेव्हा किल्लीला हात लावायचा न्हाई. कुणी आधी नारळ फोडतं, कुणी बिस्मिल्ला म्हणतं, पुंजाराम जयभीम म्हणतो. पण मारतो बांधणाराच. आन् एकदा स्टार्टर मारला की ते इंजिन त्याचं झालं. पळालं तर नाव त्याचं, बसलं तर बदनामी बी त्याचीच. मालक मंग दुसऱ्या कुणाला बोलत न्हाई.

त्या वर्षी अण्णासाहेबांचा ट्रक आला. अण्णासाहेब भोकरदनकडचे, जमीनदाराच्या घरचे, आता गाड्यांचा धंदा. जालन्याच्या कारखान्यांतून सळई भरायची आन् जळगावकडं पोचवायची. हा माणूस आला की पुंजारामची खुर्ची त्याला. तो त्या खुर्चीत बसून माझ्या हातचा चहा प्यायचा, सगळ्यांसारख्याच कपात, आन् पुंजारामच्या खांद्यावर हात टाकून "काय मिस्त्री" म्हणायचा. त्याच्या आज्याच्या दारावरून आमची माणसं चपला हातात घेऊन जायची. म्हणून त्या खांद्यावरच्या हाताची पुंजारामला काय किंमत होती ते मला ठाऊक हाय. मला कळत न्हाई असं न्हाई. कळतं म्हणूनच जास्त जळतं.

गाडी चालवायचा धर्मराज. त्यानं तक्रार सांगितली, "मिस्त्री, सपाटीला गाडी बराबर हाय. पण अजिंठ्याचा घाट लागला की दमच धरत न्हाई. नुसता काळा धूर. मागचे गाडीवाले शिव्या देऊन राह्यले."

अण्णासाहेबांनी मोबाइल पुढं केला. त्यात परदेशातले कुठले तरी ट्रक, लांब नाकाडाचे, धूर सोडत पळताना. म्हणले, "हे बघा मिस्त्री, हे लोक कॅम बदलतात, हेड बदलतात, आन् गाडी कशी उडते बघा. तुमचा तो जीपवाला कॅम ह्याला टाका की."

पुंजारामचा चेहरा असा फुलला! इतक्या वर्षांनी कुणी तरी त्याचा कॅम मागितला. तो म्हणला, "टाकू ना. हेडचे रस्ते बी मोठे करू, हेडचा तळ घासून फेस मारून घेऊ. गाडी घाटात चौथ्या गिअरवर घेऊन जा."

अक्षता तिथंच हात पुसत उभी होती. ती म्हणली, "पप्पा, टर्बोच्या गाडीला तो कॅम न्हाई चालणार."

मी कप तसेच धरून राह्यले.

"जुनं इंजिन आपल्याच दमानं हवा ओढायचं," ती म्हणली. "त्याला रस्ता मोठा केला की फरक पडायचा. टर्बो तर हवा आत ढकलतोच आहे. तुमच्या कॅमनं आत यायचा आणि बाहेर जायचा, दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात. ढकललेली हवा तशीच सायलेन्सरातून निघून जाईल. आणि सळईच्या गाडीला जोर खालच्या चालीवर लागतो, तिथंच हा कॅम मार खातो. हेडमधले रस्ते साफ केले तर थोडा फायदा होईल, इंजिन कमी तापेल. पण ते शेवटचं काम. त्या मोबाइलमधल्या गाड्यांना टर्बो वेगळा, पंप वेगळा, पिस्टन वेगळे. ते शर्यतीचं काम आहे."

अण्णासाहेब हसले. "बाप रे! मिस्त्री, आता तुम्ही घरी बसा, बाई आल्यात!"

सगळे हसले. पुंजाराम बी हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मी बघितले.

पोरीला तेवढ्यावर थांबता येत न्हाई, माझ्यावर गेलीय. ती म्हणली, "आधी टर्बोपासूनचे पाइप तपासू. लोडवर हवा गळत असेल तर असाच काळा धूर येतो. पाइपात कंप्रेसरची हवा सोडून वरून साबणाचं पाणी लावू. गळत असलं तर बुडबुडे येतील."

"गाडी धुवायची का बांधायची?" पुंजाराम म्हणला. आन् पुन्हा सगळे हसले. पोरगी परत पार्ट धुवायला बसली.

कॅम घासून आला. हेडचे रस्ते मोठे झाले, फेस मारून झाला. पुंजारामनं जीव ओतून काम केलं, ते मी नाकारत न्हाई. ज्या दिवशी हेड बसवायचं, त्या सकाळी पोरगी माझ्या पिठाच्या डब्यापाशी आली. म्हणली, "आत्या, थोडी कणीक मळून दे. तेल लाव."

"कशाला गं?"

"पिस्टनवर ठेवायची. हेड बसवून इंजिन हातानं फिरवायचं आन् परत खोलून बघायचं, कणीक किती दबली. ह्या कॅमनं व्हॉल्व्ह जास्त खाली येतो, आन् फेस मारल्यानं हेड बी खाली आलंय. डिझेलच्या इंजिनात तिथं मुळातच नखाएवढी फट असते. ती राह्यली न्हाई तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतील."

मी छान मळून दिली. ती गोळा घेऊन गेली, पिस्टनवर ठेवायला वाकली, आन् पुंजारामनं तिच्या हातातून तो गोळा घेऊन बाहेर भिरकावला. "इंजिनात पोळ्या लाटायच्या हायेत का? बाजूला हो. मालकाचा माल भरून पडलाय." कणीक मातीत पडली. अन्न असं फेकतात का? मी त्याला म्हणलं, "पुंजाराम, बघू दे की तिला. काय जातं तुझं?" तो म्हणला, "अक्का, तू चहा बघ."

संध्याकाळी इंजिन तयार झालं. अण्णासाहेब आले, धर्मराज आला, लाइनीतले दोन-चार मिस्त्री बघायला आले. पुंजारामचा कॅम परत येतोय म्हणल्यावर येणारच. सगळे उभे असताना पुंजारामनं हातातली किल्ली पोरीपुढं केली.

"घे. आज तू मार स्टार्टर."

माझी पोरगी! तिचं तोंड बघायला पाहिजे होतं. सकाळी कणीक मातीत गेलेली ती इसरली, हसणं इसरली, सगळं इसरली. लहानपणापासून त्या किल्लीकडं बघत आल्ती ती. तिला वाटलं, बापानं मानलं. मला बी तसंच वाटलं. मी पदर डोळ्याला लावला, मूर्ख बाई. ती केबिनमधी चढली, जयभीम म्हणली आन् किल्ली फिरवली. इंजिननं एका झटक्यात धरलं. आवाज जरा थरथरता होता, पण टाळ्या पडल्या. अण्णासाहेबांनी पेढे वाटले.

पुंजारामच्या मनात काय होतं? त्याच्याही पोटात भीती शिरली होती का, पोरीचं बोलणं खरं निघालं तर म्हणून? की खरंच त्या येळी त्याचं मन मोठं झालं होतं? मी लई विचार केला ह्याचा. एखाद्या दिवशी वाटतं, असा बाप नसंल तो. दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड बघितलं की वाटतं, तसाच हाय.

गाडी सळई भरून गेली. अजिंठ्याच्या घाटात अर्ध्यावर इंजिन तापलं, धर्मराजनं जोर लावला, आन् आतून टकटक सुरू झालं. त्यानं थांबवायच्या आधीच एक व्हॉल्व्ह तुटून पिस्टनमधी घुसला. गाडी टो करून आणली.

हेड खोललं तेव्हा सगळे होते, स्टार्टरला होते तेच. पिस्टनवर व्हॉल्व्हच्या खुणा, चंद्रकोरीसारख्या. वाकलेले व्हॉल्व्ह. आंधळ्याला बी दिसलं असतं की फट राह्यलेली न्हाई. लाइनीतला एक जुना मिस्त्री वाकून बघत म्हणला, "फट न्हाई बघितली का रे? कुणी बांधलं?"

पुंजाराम कापडाला हात पुसत राह्यला. अण्णासाहेब त्याच्याकडं बघत होते. त्याच्या खुर्चीत बसून.

"स्टार्टर तिनं मारला," पुंजाराम म्हणला.

एवढंच म्हणला. पोरीनं बांधलं असं खोटं बोलला न्हाई तो. लबाडाला शब्द बराबर सापडतात. लाइनीत त्या तीन शब्दांचा अर्थ शेंबड्या पोराला बी कळतो.

अण्णासाहेब म्हणले, "असं व्हय! मंग बरोबर हाय. मिस्त्री, पोरीच्या हातात माझी गाडी दिली का तुम्ही?"

मी टपरी सोडून धावले. म्हणलं, "अहो, हिनंच सांगितलं होतं न्हाई चालणार म्हणून! तुम्हीच होता ना इथं? हसला होतात ना? हिनं कणीक मागितली होती फट बघायला, ती ह्यानं फेकली, मी मळलेली कणीक, माझ्या हातची!" लोक एकमेकांकडं बघून गालात हसले. कणीक म्हणल्यावर हसणारच. अण्णासाहेब म्हणले, "कांताबाई, तुमची माया कळते. पण हे इंजिन हाय, स्वयपाक न्हाई." धर्मराजला मी म्हणलं, तू तरी बोल रे. तो जमिनीकडं बघत उभा राह्यला. त्याला बी पोट हाय.

पोरगी बापाकडं बघत होती. तिला वाटलं असंल, आता बोलल. आता तरी. तो खाली बसून मोडके तुकडे गोळा करायला लागला. मंग तिनं हातातला पाना पेटीत ठेवला आन् गॅरेजातून निघून गेली.

तुम्ही म्हणाल, रडली असंल. रडली न्हाई. घरी बाप जेवायला बसला, तिनं त्याला वाढलं, आन् भाकरी ताटात टाकता टाकता म्हणली, "पप्पा, कंपनीचाच कॅम टाका. हेड नवीन घ्या, ह्याच्या रस्त्यांच्या भिंती आता फार पातळ झाल्यात, पाण्याच्या बाजूनं फुटेल. आणि टर्बोच्या खालचा रबरी पाइप काढून वाकवून बघा, क्लिपच्या आत चिरलेला असणार." मी म्हणलं, "अगं, त्यानं तुला बुडवलं आन् तू त्याला सांगून राह्यली?" ती म्हणली, "आत्या, गाडीनं काय केलंय?"

बाप जेवून उठला. दुसऱ्या दिवशी मी चहा देताना बघितलं, पाइप काढून हातात वाकवून बघत होता. क्लिपच्या आत चीर होती. आरपार.

त्यानं सगळं तिनं सांगितलं तसंच केलं. कंपनीचा कॅम, नवं हेड, नवा पाइप, आन् पाइप बसवल्यावर साबणाचं पाणी बी लावून बघितलं, कुणी नसताना. गाडी घाटात अशी गेली की धर्मराज परत येऊन त्याच्या पाया पडला. अण्णासाहेबांनी लाइनीत सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरीनं बिघडवलेलं मिस्त्रीनं निस्तरलं." आपल्या सगळ्या गाड्या त्यांनी पुंजारामकडं लावल्या. अट एकच. पोरगी गाडीला हात लावणार न्हाई.

"न्हाई लावणार," पुंजाराम म्हणला.

पोरगी घरी बसली. मी तिला म्हणायचे, ये गं टपरीवर, मला मदत कर. ती यायची न्हाई. घरातला मिक्सर खोलायची, परत जोडायची. एकदा मला म्हणली, "आत्या, हात विसरून जातील गं." एवढंच एकदा म्हणली. मी तिला जवळ घेतलं.

मंग तिनं संभाजीनगरला मोठ्या ट्रकांच्या एका वर्कशॉपमधी अर्ज केला. बोलावणं आलं. तिथं तिला एक इंजिन पुढं ठेवून इचारलं म्हणे, ह्याचा बिघाड शोध. तिनं शोधला. साहेबांना आवडली. परत आली तेव्हा लई दिवसांनी तिच्या गालावर रंग बघितला मी. म्हणली, "आत्या, जवळजवळ झालंच. फक्त आधी जिथं काम केलं तिथं फोन करून खात्री करतात. मी पप्पांचा नंबर दिलाय. दुसरा कुठला देणार?"

मी त्याच रात्री जेवताना पुंजारामला सांगितलं. "फोन येईल. तिची तारीफ करू नको, काही करू नको. फक्त खरं सांग. ती तुझ्या गॅरेजात इंजिनवर काम करत होती, एवढं." तो म्हणला, "हूं." मी म्हणलं, "हूं न्हाई, हो म्हण." तो म्हणला, "हो, अक्का."

पोरीनं पिशवी भरून ठेवली. दोन ड्रेस, टॉवेल, डिप्लोमाचे कागद. संभाजीनगरला मैत्रिणीच्या खोलीत राहायचं बी ठरलं होतं.

फोन आला तो भर दुपारी. पुंजारामचे हात ग्रीसनं भरलेले होते, म्हणून त्यानं बोटाच्या पेरानं स्पीकर लावला. अण्णासाहेब खुर्चीत बसलेले. माझा चहा पीत.

"अक्षता आपल्याकडं इंजिनच्या कामाला होत्या, असं त्यांनी सांगितलंय," पलीकडचा माणूस म्हणला. चांगला, नरम आवाज होता. "हेड, व्हॉल्व्ह, सगळं करायच्या म्हणे. बरोबर आहे का?"

पुंजारामनं माझ्याकडं बघितलं न्हाई. त्यानं अण्णासाहेबांकडं बघितलं. अण्णासाहेबांनी कप खाली ठेवला होता. हो म्हणलं असतं, तर पुढचा प्रश्न अण्णासाहेबांनीच इचारला असता, की एवढं सगळं येतं तिला, मंग माझ्या गाडीचं खरं काय झालं होतं, मिस्त्री? न्हाई म्हणलं की अण्णासाहेबांना वाटणार, गाडी बिघडवणाऱ्या पोरीला मिस्त्री आडवतोय, आन् सगळं जागच्या जागी. मी टपरीतून ओरडले, "पुंजाराम!"

"न्हाई साहेब," तो म्हणला. "ती माझी पोरगी हाय. इंजिनला हात न्हाई लावला तिनं कधी. चहापाणी द्यायला यायची."

"म्हणजे त्यांनी आम्हाला खोटं सांगितलं?"

"लहान हाय, साहेब," पुंजाराम म्हणला. "समजून घ्या."

मी चुलीवरचं पातेलं उचललं आन् चहा त्याच्या गॅरेजाच्या दारात ओतून दिला. दुसरं काय करणार होते? अण्णासाहेब म्हणले, "काय झालं हो कांताबाईंना?" पुंजाराम परत इंजिनवर वाकला.

घरी गेले तर पोरगी दारातच उभी होती. माझी चप्पल निघायच्या आधीच इचारलं, "आत्या, फोन आल्ता का?"

मी जन्मभर कुणाला बोलायला भ्याले न्हाई. सासरच्यांना न्हाई, जमीनदाराला न्हाई. त्या दिवशी माझी जीभ उचलंना.

"आल्ता," मी म्हणलं.

"कुणी उचलला?"

"तुझ्या बापानं."

ती आत गेली, खाली बसली, आन् पिशवीतले कपडे एक एक काढून परत मांडणीवर ठेवायला लागली.